बेस, बेस

१

मे महिन्यात जळगावात दुपारी दोन वाजता दोनच जण जागे असायचे. एक कूलर आणि दुसरा मी.

बाकी सगळी गल्ली आडवी. पंचेचाळीस डिग्रीत कुत्रीसुद्धा गटारीत उतरून झोपायची. आई स्वयंपाकघराच्या दारात फरशीवर, वडील, म्हणजे नाना, मधल्या खोलीत पंख्याखाली. मी कितीही आवाज केला तरी नाना उठत नसत. तीस वर्षं कापसाच्या जिनिंगमध्ये फिटर होते. त्यांना आवाजाने जाग यायची नाही, आवाज बंद झाला की यायची. हे नीट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

पुढची खोली बारा बाय बारा, खाली शहाबादी फरशी. त्यात एक दिवाण, एक वेताची खुर्ची, कोपऱ्यात गव्हाचं पोतं आणि माझे तीन स्पीकर. दोन छोटे डबे समोरच्या भिंतीजवळ स्टुलांवर ठेवलेले. ते चांगले गायचे, पण गळ्यापासून वर. पोटातलं काहीच यायचं नाही. म्हणून मी तिसरा केला. बारा इंची वूफर, इंचभर जाड प्लाय, आतून जुन्या गादीचा कापूस. पुस्तकात त्याला सबवूफर म्हणतात. आमच्या गल्लीत त्याचं नाव पडलं ढोल्या.

ढोल्या बनवायला चार दिवस लागले. त्याची त्या दोघांशी सोयरीक जमवणं हे खरं काम. नाहीतर लग्नात रुसलेला मामा कसा मांडवात असूनही वेगळा बसतो, तसा तो एका कोपऱ्यात घुमत बसतो आणि ते दोघं आपलं आपलं गात राहतात.

रुसलेल्या मामावरून आठवलं. धुळ्याचे तोताराममामा रविवारी येणार होते. आईचे थोरले भाऊ, चाळीस वर्षं रेडिओ दुरुस्त करणारा माणूस. धुळ्यात गल्ली नंबर चारमध्ये त्यांचं दुकान, आणि शेजारचा गाळा रिकामा झालेला. नानांनी माझ्यासमोर त्यांना पत्र टाकलं होतं: एकदा येऊन ऐका. कान असेल तर तुमच्या शेजारच्या गाळ्यात बसवा. नसेल तर सोमवारी सावद्याला काकांकडे पाठवतो, केळीच्या ट्रका भरून घ्यायला.

केळीशी माझं वैर नाही. पण केळी गात नाहीत.

आणि अजून एक होतं, ते मी कोणाला सांगितलं नव्हतं. नाना कशालाच चांगलं म्हणत नसत. फार झालं तर "बेस" म्हणायचे. माझ्या समजत्या वयात दोनदाच म्हणाले होते. एकदा जिनिंगमधल्या नव्या पट्ट्याला आणि एकदा आईच्या भरताला. मी तेवीस वर्षांचा झालो होतो, आणि भरताच्या मागे होतो.

२

पुढच्या खोलीतला एक प्लग कूलरला, दुसरा मी जाळला होता. त्यामुळे अॅम्प्लिफायर आत, स्वयंपाकघरात पिठाच्या डब्यावर ठेवलेला, आणि वायरी मधल्या खोलीतून नानांच्या पायावरून पुढे गेलेल्या. मी आत बटणं फिरवायचो आणि माझा दोस्त वना पुढे वेताच्या खुर्चीत बसून सांगायचा. वनाला सुट्टी होती, कारण त्याच्या मालकाची पिठाची गिरणी बंद पडली होती. तिची मोटर मी दुरुस्त करत होतो.

"आता बेस!" मी ओरडायचो.

"नाही भो."

"बेस! आता?"

"नाही."

"बेस! बेस! बेस!"

"अरे नाही येत भो, घसा फाडतो काय!"

मग मी माइक लावला. कॅसेटमधला माणूस मुळात कसा गायला ते आपल्याला माहीत नसतं, पण स्वतःचा आवाज माहीत असतो. "हॅलो हॅलो"मध्ये खालचा आवाज, म्हणजे बेस, नसतो. म्हणून मी छातीतून खोल काढून, सावकाश म्हणायचो, "बेस... बेस... बेस..."

ढोल्यातून ते असं बाहेर पडायचं की खिडकीचे गज वाजायचे.

तीन दुपारी मी हे करत होतो. रिकाम्या दुपारी, पडदे लावलेल्या खोलीत, मोठ्या आवाजात. त्यात वावगं काय आहे ते मला आजही पटकन सांगता येणार नाही.

३

पहिल्या दिवशी खिडकीजवळ एक जागा सापडली जिथे बेस अजिबात नव्हता. बाकी खोलीभर पोटात गुदगुल्या होत होत्या, आणि त्या एका जागी मात्र काहीच नाही. कानात कापूस घातल्यासारखं.

मी खूश झालो. हे पुस्तकात होतं. चौकोनी खोलीत आवाज भिंतींवर आपटून परत येतो, जाणारा आणि येणारा एकमेकांना खाऊन टाकतात, आणि मधे एक मेलेली जागा तयार होते. मी खडूने तिच्याभोवती रेघ मारली. रेघ पूर्ण झाल्यावर वना म्हणाला, "हे तर मांडी घालून बसलेल्या माणसाएवढं आहे."

"सव्वादोन फूट," मी म्हणालो. शास्त्रात मांड्या नसतात.

दुसऱ्या दिवशी त्या रेघेत बेस होता. मेलेली जागा दोन फरश्या पुढे सरकली होती.

मी वनाला विचारलं, डबे हलवलेस का? नाही. दिवाण? नाही. मग मी ढोल्याच्या प्लस-मायनस वायरी उलट्या करून पाहिल्या. कधीकधी ढोल्या बाहेर ढकलतो तेव्हा बाकीचे दोघं आत ओढतात आणि सगळं फिसकटतं. उलट्या केल्यावर खोलीभर फरक पडला. त्या जागेत पडला नाही. पुन्हा खडूची रेघ. तेवढीच मोठी.

मी स्वतःला सांगितलं, कूलरमुळे हवा ओली होते, ओल्या हवेत आवाजाचा वेग बदलतो. हे वाक्य इतकं चांगलं जमलं की मी ते वहीत लिहून ठेवलं.

तिसऱ्या दिवशी ती जागा खुर्चीत होती.

वना खुर्चीत बसला होता. मी आतून म्हटलं, "बेस!" आणि त्याचं उत्तर आलं नाही. पुढे जाऊन पाहिलं तर तो दारात उभा, चपला घालत होता.

"काय झालं?"

"काही नाही भो. खुर्ची गार लागते."

"कूलर समोर आहे, लागणारच."

"कूलर समोर आहे," वना म्हणाला, "मी पाठीमागून गार लागते म्हणतोय." आणि दुपारी अडीच वाजता, त्या उन्हात, तो घरी गेला.

४

चौथ्या दिवशी, शुक्रवारी, मी एकटा होतो. मी एक युक्ती वाचली होती. ढोल्या कुठे ठेवायचा ते कळत नसेल तर त्याला माणसाच्या जागी, खुर्चीत ठेवायचा, एक सलग आवाज लावायचा, आणि आपण चार पायांवर रांगत खोलीभर फिरायचं. जिथे कानाला सगळ्यात छान लागेल तिथे ढोल्याची जागा. उलटा न्याय, पण चालतो.

मी ढोल्या उचलून खुर्चीत ठेवला. तो घसरला. पुन्हा ठेवला. पुन्हा घसरला. जुनी वेताची खुर्ची मधे खोल असते, आणि त्यात ठेवलेली वस्तू आत रुतते. ही वस्तू बाहेर येत होती. मी जास्त विचार केला नाही, त्याला खुर्चीसमोर जमिनीवर ठेवला.

सलग आवाज म्हणजे सोपं. अॅम्प्लिफायरच्या इनपुटला उघडी वायर लावली की घरातल्या करंटचाच भुंगा वाजतो. भुंईईई. मी पडदे ओढले आणि रांगायला लागलो. कान फरशीपासून वीतभर, डोळे मिटलेले. दिवाणाजवळ बरा. दाराजवळ पातळ. पोत्याच्या कोपऱ्यात नुसता गोंधळ, कोपऱ्यात नेहमीच असतो.

खुर्चीकडे आलो तेव्हा भुंगा हेलकावे खायला लागला. वर, खाली, वर, खाली. सेकंदाला एक.

हे मला माहीत होतं. दोन आवाज जवळजवळ सारखे असले, पण अगदी सारखे नसले, की असा हेलकावा येतो. हार्मोनियमचे दोन सूर किंचित बिघडले की येतो तसा. म्हणजे खोलीत दुसरा भुंगा होता. मी म्हणालो, कूलरची मोटर.

तेवढ्यात लाइट गेली.

कूलर गडगडत थांबला. आतला अॅम्प्लिफायरचा लाल दिवा विझलेला मला रांगता रांगता दिसला. पंख्याची पाती फिरून फिरून दमली.

भुंगा चालू होता.

हेलकावा आता नव्हता. एकच, सरळ, खालचा आवाज, माझ्या डोक्याच्या वर दीड हातावर, खुर्चीच्या उंचीवर. बंद तोंडाने कोणीतरी आपल्या नादात गुणगुणावं तसा. मी चार पायांवर तसाच थांबलो. मधल्या खोलीत नानांचं घोरणं ऐकू येत होतं. नाना उठले नव्हते. म्हणजे त्यांच्या हिशेबाने आवाज बंद झालेलाच नव्हता.

मी सावकाश मान वर केली.

आवाज थांबला. चोरून गाणाऱ्या माणसाकडे कोणी पाहिलं की तो थांबतो, तसा मधेच.

लगेच आतून नाना ओरडले, "अभिमन! लाइट गेली का रे?"

लाइट जाऊन मिनिट झालं होतं.

५

संध्याकाळी चहाला मी सगळं सांगितलं. नानांनी बशीतला चहा संपवला आणि म्हणाले, "नळाच्या खड्ड्यात बोलायचा तोच का हा?"

हा माझ्या कर्माचा भाग. मागच्या उन्हाळ्यात मी नळाच्या खड्ड्यात एक छोटा स्पीकर लपवला होता आणि सकाळी पाच बायांना "आज पाणी येणार नाही" असं सांगून घरी पाठवलं होतं. पाणी आलं, वाहून गेलं. तेव्हापासून मी घर पेटलंय म्हटलं असतं तरी लोकांनी आधी स्पीकर शोधला असता.

"नाना, शपथ. यावेळी मी नाही."

"रविवारी तोताराम येतोय. त्याच्यासमोर असलं काही केलंस तर सोमवारी नाही, रविवारीच सावद्याची गाडी."

शेजारच्या भिकुअक्का आमच्या ओट्यावर तुरीची डाळ निवडत बसल्या होत्या. त्या मूळच्या साक्रीकडच्या. चाळीस वर्षं जळगावात राहून त्यांनी अहिराणी सोडली नव्हती. डाळीतला खडा बाहेर टाकत त्या म्हणाल्या, "तूच तं म्हणी ऱ्हायना तीन दिन पासून. बैस, बैस, बैस. मंग बठना तो."

मी कप खाली ठेवला. "अक्का, मी बैस नाही म्हणालो. मी बेस म्हणालो. बेस म्हणजे खालचा आवाज."

"माले तं बैसच आयकू येस."

"कोण बसला?"

"माले काय म्हाईत? म्हातारा शे. खोकलस ना तो." आणि एकदम माझ्याकडे वळून, रागावून, "मोठा मानूसले 'बैस' म्हणतस का रे? लाज नही तुले! आन बठाडीसन पानी बी नही इचारं."

आई हसली. नाना हसले. मीही हसलो, कारण गल्लीत कोणाची तरी थट्टा चालू असताना मी हसलो नाही असं आजवर झालं नव्हतं.

६

शनिवारी मी शास्त्र सोडलं. म्हणजे पूर्ण नाही. एक साधा प्रयोग. एका शब्दाने बसला असेल तर दुसऱ्या शब्दाने उठेल. उठला नाही तर अक्का चुकल्या, मी सुटलो.

दुपारी दोनला पखवाजाची कॅसेट लावली, माइक घेऊन वायर लांबवून पुढच्या खोलीत आलो. खुर्चीत अजून ती मेलेली जागा होती, हात घालून पाहिली. माइक तोंडाशी धरला आणि छातीतून म्हणालो, "ऊठ."

खुर्चीचं वेत करकरलं. वजन गेल्यावर करकरतं तसं.

आणि ढोल्या सुटला. आतापर्यंत ज्याने आवाज धरून ठेवला होता त्याने सोडून दिला असं वाटलं. पखवाजाची एकेक थाप खोलीभर लोळायला लागली, भिंतींवरून, फरशीवरून. मांडणीवरची ताटं आत थरथरली, एक खाली पडलं. मी खाली बसलो तर बेस अंगावर येत होता. मी उभा राहिलो.

उभा राहिल्याबरोबर सगळं गप्प.

दोन्ही कानांत कापूस. पायाला फरशीची थरथर कळत होती, पण डोक्याला काहीच नाही. म्हणजे ती मेलेली जागा आता माझ्या उंचीवर होती. माझ्या तोंडासमोर. मी डावीकडे मान केली, तीही डावीकडे आली. उन्हात ठेवलेल्या माठावरून येते तशी गार, ओल्या मातीसारख्या वासाची हवा माझ्या नाकावर येत होती, थांबत होती, पुन्हा येत होती.

माइक माझ्या हातातच होता. आयुष्यात कुठलाही विनोद मी इतक्या हळू आवाजात केला नाही.

"बैस," मी म्हणालो.

खुर्ची करकरली.

७

रविवारी सकाळी दहाला मामा येणार. खोलीत खुर्ची एकच. म्हणजे मामा तिच्यात बसणार, आणि त्यांना बेस येणार नाही. चाळीस वर्षांच्या कानाला पखवाज टाळ्यांसारखा ऐकू येणार, आणि मी सावद्याला जाणार. हे झालं शास्त्राने. दुसऱ्या बाजूने विचार केला तर मामा कोणाच्या तरी मांडीवर बसणार होते. तेही बरं नव्हतं.

साडेनऊला मी दार ओढलं, शर्टाची वरची गुंडी लावली, खुर्चीसमोर उभा राहिलो आणि हात जोडले.

"आबा," मी म्हणालो, "चुकलं माझं. चार दिवस तुम्हाला अरेतुरे केलं. आज इथे मामा बसतील. तुम्ही जरा त्या कोपऱ्यात, पोत्यावर बसा."

काही झालं नाही. मग खुर्ची करकरली. मग, मधे चार पावलं टाकायला लागतो तेवढा वेळ गेल्यावर, कोपऱ्यातल्या गव्हाच्या पोत्याचा वरचा भाग सावकाश दबला. आतले गहू सळसळत बाजूला झाले, आणि थांबले.

मागे नाना उभे होते. कधी आले माहीत नाही. त्यांनी माझ्या जोडलेल्या हातांकडे पाहिलं, खुर्चीकडे पाहिलं.

"सावद्याला थंडी नसते," ते म्हणाले. "दोन शर्ट पुरतील."

मामा आले ते धोतर, काळी टोपी आणि काखेत पिशवी. पिशवीत त्यांची स्वतःची पखवाजाची कॅसेट आणि एक पितळी वाटी. पाणी प्यायले, आईची विचारपूस केली, खुर्चीत बसले आणि डोळे मिटले.

"लाव."

मी आत जाऊन बटण दाबलं आणि धावत पुढे आलो. पखवाजाची पहिली थाप पडली.

मी ते कसं सांगू? पाच दिवस मी त्या खोलीत होतो, पण अशी थाप ऐकली नव्हती. चामड्यावर बोट पडलं तेही ऐकू आलं, आणि खालचा घुमार उठला तोही, पण एकाच ठिकाणाहून, एकाच हातातून. कोपऱ्यातला गोंधळ नाही, तिथे आबा बसले होते. डावा डबा, उजवा डबा, ढोल्या, असं काही राहिलंच नव्हतं. खोलीच्या मधोमध एक माणूस पखवाज घेऊन बसला होता आणि वाजवत होता.

मामांनी डोळे न उघडता विचारलं, "शिवण कुठाय?"

"अं?"

"छोटे डबे कुठे संपतात आणि मोठा कुठे सुरू होतो? शिवण ऐकू येत नाही."

नाना दारात हाताची घडी घालून उभे होते. त्यांनी घडी सोडली.

मामांनी वाटीत पाणी घेतलं. ही त्यांची जुनी परीक्षा. कान फसतो, पाणी फसत नाही. वाटी फरशीवर ठेवली की पाण्यावर थापेबरोबर बारीक वलयं उठतात, आणि ती खोलीभर सारखी उठली पाहिजेत. त्यांनी खुर्चीपाशी ठेवून पाहिलं. दाराशी. दिवाणाशी. सगळीकडे सारखी, नाजूक, बांगडीसारखी. मग ते पोत्याच्या कोपऱ्यात गेले, पोत्याच्या पायथ्याशी वाटी ठेवली आणि वाकले.

पाणी स्थिर होतं, आरशासारखं.

"इथे कसं काय..." मामा म्हणाले.

आणि पखवाजाचं पोट गेलं. वरची टपटप चालू, खालचा घुमार एकदम नाही. क्षणभर. मग आला. पुन्हा गेला. आला. पुन्हा गेला. तीन वेळा. गुणगुणणारा माणूस मधेच घोट घेतो, तेव्हा गुणगुणणं जसं थांबतं.

वाटीतलं पाणी तीन पायऱ्यांनी खाली गेलं. वाटी जागची हलली नव्हती. तळाला एक थेंब राहिला.

मी मामांकडे पाहत होतो. ते घाबरले नाहीत. जे करायला हवं होतं ते पाच दिवस कोणीच केलं नाही हे कळल्यावर मोठी माणसं जशी लाजतात, तसे ते लाजले.

"मंदा," त्यांनी आईला हाक मारली, "तांब्या आण."

आईने तांब्या आणला. मामांनी तो पोत्याजवळ ठेवला, टोपी नीट केली आणि खुर्चीत येऊन बसले. खिडकीचे गज एकदा हळूच वाजले. गार पाणी प्यायल्यावर माणूस "हां" करतो, तेवढंच.

"दाजी," मामा नानांना म्हणाले, "पोराला कान आहे. मी घेऊन जातो."

मी नानांच्या तोंडाकडे पाहत राहिलो. ओठ हलले, पण ते पानासाठी.

८

मी ढोल्या, दोन डबे, गव्हाचं पोतं आणि तांब्या घेऊन धुळ्याच्या एसटीत बसलो. सामान टपावर, तांब्या मांडीवर. वना पोचवायला आला होता. त्याने खिडकीतून विचारलं, "एकटाच चाललास ना भो?"

मी निघण्याआधी अंगणात आईच्या समोरच म्हणालो होतो, "आबा, चला, धुळ्याला." जाहीरपणे विचारलेलं बरं, नंतर कोणी म्हणायला नको.

गाडी एरंडोलला भरली, पारोळ्याला ओसंडली. लोक दांड्याला धरून लोंबकळत होते, एक बाई इंजिनावर बसली होती. माझ्या शेजारची जागा धुळ्यापर्यंत रिकामी राहिली. तीन जण तिच्याकडे आले, वाकले, आणि "असू द्या" म्हणून परत गेले.

कंडक्टर म्हणाला, "किती?"

मी म्हणालो, "दोन धुळं." त्याने शेजारी पाहिलं आणि काही न विचारता दोन तिकिटं फाडली.

९

उद्‌घाटनाला अख्ख्या धुळ्याचे मेकॅनिक आले होते. बोलावलेले कमी, न बोलावलेले जास्त. सगळे गाळ्याबाहेर उन्हात हाताची घडी घालून उभे. त्यांना जळगावचं पोर पडलेलं बघायचं होतं.

आणि ते पडणार होतं. गाळा लांब, अरुंद, तिन्ही बाजूंनी सिमेंट, पुढे पत्र्याचं शटर. कोपऱ्यात पोतं ठेवलं होतं, त्यावर आबा बसलेले, तांब्या भरलेला. सकाळी वाजवून पाहिलं तर एवढ्या लांब गाळ्याला एकटे आबा पुरेनात. मागचा निम्मा आवाज स्वच्छ, पुढचा निम्मा नुसता गडगडाट. शटर तर दाढदुखी झाल्यासारखं कण्हत होतं. मामा घाम पुसत म्हणाले, "शिवण दिसते रे. चांगली हातभर दिसते."

तेवढ्यात नाना आले. पांढरा शर्ट, इस्त्रीचा. जळगावहून सकाळच्या गाडीने, उभ्याने. दुकानात पाहुण्यांसाठी चार नव्या लोखंडी खुर्च्या ओळीत मांडल्या होत्या, चारही रिकाम्या. नानांचे पाय सुजले होते. मी माइक हातात धरून, बाहेरच्या गर्दीला काहीतरी बोलायच्या तयारीत होतो, आणि तोच माइक हातात असताना माझ्या तोंडून गेलं:

"नाना! या, या. बसा. बसा ना. बसा, बसा!"

माइक चालू होता. ढोल्याने ते शब्द उचलले आणि छातीतून काढून रस्त्यापर्यंत नेले. बसा. बसा ना. बसा, बसा.

पहिली खुर्ची करकरली. मग दुसरी. मग तिसरी. मग चौथी.

नानांनी पहिल्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला होता, बसायलाच. त्यांनी तो उचलला. तळहाताकडे पाहिलं. तो ओला होता. शर्टाला पुसला.

"मी उभाच बरा," नाना म्हणाले.

मामांनी कॅसेटचं बटण दाबलं.

थाप पडली. शटर गप्प. भिंती गप्प. अख्ख्या गाळ्याचं एक पोट झालं आणि त्या पोटातून पखवाज बाहेर आला, इतका सरळ, इतका सख्खा की बाहेरच्या माणसांच्या हाताच्या घड्या सुटल्या. एक म्हातारा मेकॅनिक आत आला, ढोल्यासमोर उकिडवा बसला, त्याला हात लावून पाहिला आणि बाहेर जाऊन बाकीच्यांना म्हणाला, "शिवण नाही." दुसरा म्हणाला, "असूच शकत नाही." तिसरा शिट्टी वाजवायला लागला. कोणीतरी गल्लीतून फटाक्यांची माळ आणली. मामांनी टोपी काढून पुन्हा घातली. साक्रीपासून मुक्ताईनगरपर्यंत असा आवाज कोणाकडे नव्हता, आजही नाही, आणि हे मी सांगत नाही, ऐकून गेलेले सांगतात.

नाना गर्दीतून माझ्याकडे आले. काउंटरमागे, माझ्या बसायच्या स्टुलाजवळ उभे राहिले. त्यांनी चार खुर्च्यांकडे पाहिलं, पोत्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. तीस वर्षं मशिनच्या आवाजात बोललेला माणूस, त्यामुळे खांद्यावर हात ठेवून ते कानाशी बोलले नाहीत. सगळ्यांना ऐकू जाईल असं, छातीतून बोलले. तेवीस वर्षांनी.

"बेस," नाना म्हणाले. डोळ्यांत पाणी होतं. "बेस!"

माझ्या मागे माझं स्टूल करकरलं.

तेव्हापासून मी दुकानात उभाच असतो. आवाज मात्र एक नंबर आहे.